सुळकेबाबाचा आवाज

संतोष अहिरे यांचा चेहरा नाशकात फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यात चेहऱ्याचा दोष नाही. काचेच्या खोलीत, लोखंडी जाळीमागे बसणाऱ्या माणसाचं तोंड निरखायला एसटी स्टँडवर कुणाला सवड असते? पण नव्या सीबीएस स्टँडवर ज्याने म्हणून गाडीची वाट पाहिली आहे, त्याने अहिऱ्यांचा आवाज ऐकलेला असतोच. "प्रवासी बंधू-भगिनींनो, इकडे लक्ष द्या. देवळा, सटाणामार्गे नामपूरला जाणारी गाडी फलाटाला लागत आहे. पळू नका, गाडी थांबणार आहे." यातलं शेवटचं वाक्य महामंडळाने शिकवलेलं नाही, ती अहिऱ्यांची पदरची भर. आणि त्यांनी पळू नका म्हटलं की लोक खरोखर पळत नाहीत. आपल्या लोकांना ओळखणाऱ्या कुणाचा यावर विश्वास बसणार नाही, पण तसं आहे खरं.

याचं श्रेय नुसत्या आवाजाच्या भारदस्तपणाला देण्यात अर्थ नाही. भारदस्त आवाजाचे पुढारी आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. अहिऱ्यांची गोष्ट अशी, की त्यांनी कर्ण्यावरून कधी खोटं सांगितलं नाही. गर्दीच्या वेळी कुणीही 'येतेच आहे' म्हणून वेळ मारून नेईल. अहिरे सरळ सांगायचे, "सिन्नरची गाडी बिघडली आहे. ती येणार नाही. संगमनेरच्या गाडीने जा." लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत आणि मुकाट्याने संगमनेरच्या गाडीत चढत. स्टँडवरचे हमाल, शेंगदाणेवाले सगळे म्हणायचे, अहिरे बोलले म्हणजे गाडी लागली. एवढी कमाई घेऊन एक वाहतूक नियंत्रक सुखाने निवृत्त झाला असता. पण मध्ये ते पुस्तक आलं, आणि पुस्तकामागून पिक्चर आला.

पुस्तकाचं नाव 'धुक्यातला सुळका'. संतोषला ते नामपूरच्या शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून मिळालं होतं. वडील लवकर गेलेले. आई, बयाबाई, कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. शाळा सुटली की पोरगं दप्तरासकट खळ्यावर येऊन गोणीवर बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. पुस्तकात एक धनगराची पोर धुक्यात हरवलेल्या भावाला शोधायला निघते, वाटेत तिला बोलणारे लांडगे भेटतात, सावल्या विकणारा बाजार भेटतो, आणि सगळ्यात शेवटी भेटतो सुळकेबाबा. सुळकेबाबा म्हणजे दगडाचा उभा सुळका. वाट चुकलेल्याला तो वाट सांगतो, पण त्याची एक अट असते. "वाट चुकलास, हे आधी कबूल कर. मग पुढची सांगतो." हे वाक्य संतोष छातीतून आवाज काढून म्हणायचा, तेव्हा निवडणीच्या बायांचे हात थांबायचे आणि मुकादम ओरडायचा. पुस्तक संपलं की बया म्हणायची, परत पहिल्यापासून वाच. तिला अक्षरओळख नव्हती, पण पुस्तक तोंडपाठ होतं. पुढे संतोषने काही आगळीक केली, की ती त्याला मारायची नाही. नुसतं सुळकेबाबाचं ते वाक्य म्हणायची आणि पोरगं रडकुंडीला यायचं.

असंच ते पुस्तक वाचत-ऐकत जिल्ह्यातली, शाळाशाळांतली पोरं मोठी झाली, बापे झाले, आणि सगळ्यांचा एकच धोशा: यावर पिक्चर निघाला पाहिजे. दर काही वर्षांनी पेपरात बातमी यायची, की निघतोय. मग कळायचं, बंद पडला. कधी निर्माता मागे सरला, कधी लांडगे नीट दिसेनात. लोकांनी आशा सोडली नाही. सुळकेबाबा कुणी करावा यावर चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची, आणि अहिरे त्या भांडणांत कधी पडायचे नाहीत. कारण त्यांच्या मते सुळकेबाबा ते स्वतःच होते. हे अर्थात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माणसाला इतपत अक्कल असते.

आणि मग एके दिवशी शाझिया नावाची मुलगी त्र्यंबकच्या गाडीसाठी स्टँडवर थांबली होती, तिने त्यांचा आवाज ऐकला आणि गाडी सोडून खिडकीशी आली. ती त्याच पिक्चरच्या आवाजाच्या विभागात कामाला होती. अंजनेरीच्या बाजूला शूटिंग चाललं होतं म्हणे. "काका, मघाशी काय म्हणालात ते पुन्हा म्हणाल?" तिने विचारलं. अहिऱ्यांना वाटलं, गाडी चुकली बिचारीची. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "गाडीचं नाही हो. 'पळू नका' ते."

त्यांना मुंबईला नेलं, बंद खोलीत माइकपुढे उभं केलं. सुळकेबाबाचे सगळे संवाद त्यांनी कागद न बघता म्हटले. काचेपलीकडे दिग्दर्शक डोळे मिटून ऐकत होता. परतीच्या गाडीत अहिरे खिडकीकडे तोंड करून बसले आणि कसाऱ्यापर्यंत त्यांचे डोळे कोरडे झाले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी फक्त बायकोला, उज्वलाला सांगितलं आणि कुणाला बोलू नकोस असं बजावलं. म्हणजे आठवडाभरात अख्ख्या आगाराला कळलं.

सगळ्यात जास्त आनंद झाला सलाउद्दीनला. सलाउद्दीन शेख हा दुसऱ्या पाळीचा कंट्रोलर, अहिऱ्यांचा खुर्चीतला जोडीदार. एक उठला की दुसरा बसायचा. खुर्ची कधी थंड झाली नाही. अहिऱ्यांच्या नादाने त्याने ते पुस्तक घेतलं होतं आणि घरी पोरांना वाचून दाखवलं होतं. पिक्चरची तारीख जाहीर झाली तसा तो कामाला लागला. आपल्याकडे कुणाचं काही चांगलं झालं, की त्याचा फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कुणी धरत नाही. सलाउद्दीनने अहिऱ्यांचा लग्नातला फोटो मिळवला, त्यामागे डोंगर टाकला, वर 'सुळकेबाबांचा आवाज, आमचे संतोषभाऊ अहिरे यांचे हार्दिक अभिनंदन' आणि खाली शुभेच्छुक म्हणून आगारातल्या झाडून सगळ्यांचे फोटो. कुणाचा राहिला तर तो बोलायचा नाही जन्मभर.

फ्लेक्स लागला त्याच सकाळी शाझियाचा फोन आला. अहिरे ड्यूटीवर होते. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "काका, कसं सांगू कळत नाही. शेवटच्या क्षणी ठरलं. तुमच्या जागी मोठ्या नटाचा आवाज घेतलाय. नावावर तिकिटं खपतात म्हणे, पण पिक्चर लागेपर्यंत नाव फोडायचं नाही असं ठरलंय. मी खूप भांडले काका." मग म्हणाली, "शेवटी आभारांच्या यादीत तुमचं नाव आहे." अहिरे म्हणाले, "बरं." पोरीला जास्त वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "तू जेवलीस का?"

फोन ठेवून ते उठले. हे लगेच सलाउद्दीनला सांगायचं, इतकं त्यांच्या मनात स्वच्छ होतं. बाहेर आले तर सलाउद्दीन स्टुलावर चढून फाटकाच्या खांबाला फ्लेक्सची दोरी बांधत होता. खाली चार वाहक माना वर करून उभे. त्याने वळून पाहिलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "बघा संतोषभाऊ, सरळ आहे ना?"

अहिऱ्यांनी वर पाहिलं. लग्नातला आपला फोटो, मागे डोंगर. आणि ते म्हणाले, "उजवीकडून थोडं वर घ्या."

बस, एवढंच. पण माणूस घसरतो तो मोठ्या कड्यावरून नव्हे, अशाच एखाद्या ओल्या पायरीवरून. त्या वेळी सांगणं अवघड होतं; संध्याकाळी त्याहून अवघड झालं, आणि दुसऱ्या दिवशी सत्काराचं ठरलं तेव्हा अशक्य. वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीत शाल आली, नारळ आला, आगारप्रमुखांनी दोन शब्द म्हणून वीस मिनिटं घेतली. मग सगळे म्हणाले, होऊन जाऊ द्या एकदा. अहिऱ्यांनी खांद्यावर शाल घेऊन, हातात नारळ धरून, छातीतून आवाज काढला. "वाट चुकलास, हे आधी कबूल कर. मग पुढची सांगतो." टाळ्या पडल्या. आपण किती निर्लज्ज आहोत हे अहिऱ्यांना त्या क्षणी कळलं, आणि हातातला नारळ ठेवायला जागा सापडेना.

त्या दिवसापासून ते फ्लेक्सकडे न बघता मागच्या दाराने ये-जा करू लागले. जेवण जाईना. उज्वलाला वाटलं, आनंदाने होतं असं. तिने सासूला फोन लावून पिक्चरला बोलावून घेतलं, ते अहिऱ्यांना बया गाडीत बसल्यावर कळलं.

बयाबाई आता पार थकली होती. एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसऱ्याने माणूस आहे की खांब एवढंच कळायचं. कान मात्र तल्लख. नामपूरहून येताना तिने पोत्यात कांदे आणले होते. फाटकातल्या फ्लेक्सपाशी सलाउद्दीनने तिला उभं केलं, तिने हात उंच करून तो चाचपला आणि बोटं कानशिलावर मोडली. अहिरे तिची पिशवी धरून शेजारी उभे होते. आता सांगू, असं त्यांना वाटलं. घरी जाऊन सांगू, असंही वाटलं. घरी उज्वलाने औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी मॉलमधल्या थिएटरात अख्खी रांग एसटीवाल्यांनी धरली होती. ड्यूटीवर नसलेले झाडून आले होते, काही ड्यूटीवर असलेलेही आले होते. बया मधोमध, तिच्या एका बाजूला अहिरे, दुसऱ्या बाजूला सलाउद्दीन. पिक्चर चांगला होता, हे सांगितलं पाहिजे. लांडगे लांडग्यांसारखे दिसले, सावल्यांचा बाजार पाहून तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. बयाला दिसत काहीच नव्हतं, पण ती प्रत्येक प्रसंगाच्या अर्धं पाऊल पुढे होती. "आते धुकं येई," ती पुटपुटायची, आणि पडद्यावर धुकं यायचं.

धुकं आलं. सगळी रांग सावरून बसली. बयाने मान पुढे काढली, पदर कानामागे सारला. आणि सुळकेबाबा बोलला.

मोठा आवाज होता, घुमवलेला, दगडाला दगड घासल्यासारखा. खाली नट होता, पण वर यंत्रांनी इतकं काही चढवलं होतं, की तो कुणाचाही असू शकला असता. रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहिरेसाहेब, मान गये." सलाउद्दीन अंधारात डोळे पुसत होता. कुणाला म्हणून शंका आली नाही. देवाने अशी सुटका कुणाला दिली नसेल, आणि अहिऱ्यांना ती सुटका भूक मेलेल्याला पंगतीत बसवल्यासारखी झाली. कारण त्यांनी शेजारी पाहिलं होतं. पहिल्या दोन शब्दांतच बयाने पुढे काढलेली मान मागे घेतली होती. ती हळूच पाठ टेकून बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर एकात एक घातले.

मध्यंतरात सलाउद्दीनने तिच्यापुढे पॉपकॉर्न धरले आणि मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय मावशी, ओळखला का लेकाचा आवाज?"

अहिऱ्यांनी डोळे मिटले. आता ती सांगेल, आणि बरं होईल, असं त्यांना वाटलं. ते कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेणार होते.

"वळखाले काय लागस?" बया म्हणाली. "मना पोऱ्या शे तो. आवाजवरथीन नही वळखसू का?"

रांग हसली. अहिऱ्यांनी डोळे उघडून आईकडे पाहिलं. ही बाई जन्मात खोटं बोलली नव्हती. खळ्यावर मुकादमाने विचारलं, की सडका कांदा कुणी गोणीत टाकला, तर चूक झाली असेल तिथे ती स्वतःच हात वर करायची. आणि आज थिएटरात, पोराची अब्रू झाकायला, म्हातारपणी तिने तो हात खाली ठेवला होता. पिक्चर संपेपर्यंत अहिरे पडद्याकडे बघत होते आणि त्यांना एकही चित्र दिसलं नाही. शेवटी पांढऱ्या अक्षरांत आभारांची यादी सरकू लागली, तेव्हा सगळे उठून बाहेर निघाले होते.

घरी बया जेवली नाही. बयाला बरं वाटत नसेल म्हणून उज्वलाने लवकर अंथरूण घातलं.

सकाळी तिला गाडीत बसवायला अहिरे निघाले. ड्यूटीही होतीच. रिक्षात बयाने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्र्यंबक नाका आला तेव्हा म्हणाली, "तो आवाज तुना नव्हता."

"नव्हता, माय."

"तुले कधळ माहीत पडनं?"

"फ्लेक्स बांधला त्या दिवशी."

बया रस्त्याकडे तोंड करून होती, जसं काही तिला दिसत होतं. "माले वाटनं, तुलेबी तठेच, थिएटरमा कळनं. पोऱ्या बिचारा फसना, असं वाटनं, म्हणीसन मी बोलनू." तिने मान त्यांच्याकडे वळवली. "तुले माहीत व्हतं."

अहिऱ्यांना वाटलं, तिने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. "माय, मी सांगणार होतो," ते म्हणाले आणि त्यांना स्वतःच्याच बोलण्याची किळस आली.

"जनमभर कोणले खोटं सांगं नही मी. काल सांगं. तुनासाठे." मग ती तिच्या साध्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वाट चुकलास, हे आधी कबूल कर." पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही.

त्यांनी तिला नामपूरच्या गाडीत खिडकीशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली. ती त्यांच्या हाताला हात लावायला चुकली नाही, पण तोंड तिने खिडकीकडेच ठेवलं. ते काचेच्या खोलीत गेले. सलाउद्दीन रात्रपाळी संपवून निघायच्या बेतात होता. टेबलावर त्याने पेढ्यांचा पुडा ठेवला होता. "येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायला," तो म्हणाला. "सगळे विचारतायत ना."

अहिरे खुर्चीत बसले. त्यांनी माइकचं बटण दाबलं. "प्रवासी बंधू-भगिनींनो, इकडे लक्ष द्या. देवळा, सटाणामार्गे नामपूरला जाणारी गाडी सुटत आहे." एवढं म्हणून बटण सोडायचं असतं. त्यांनी सोडलं नाही. "आणखी एक सूचना आहे. फाटकावर माझा फ्लेक्स लागला आहे. त्यात लिहिलंय ते खरं नाही. पिक्चरमध्ये आवाज माझा नाही. मला हे फ्लेक्स लागण्याच्या आधीपासून माहीत होतं. तरी मी शाल घेतली, नारळ घेतला. माझ्या आईला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं." इथे त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत त्या कर्ण्यांवरून फाटलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. "चूक माझी आहे. मी माफी मागतो."

स्टँडवर काय झालं? काही नाही. शेंगदाणेवाल्याने मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुडी बांधली. खिडकीशी उभ्या माणसाने जाळीतून विचारलं, "सिन्नरची गाडी कधी आहे?" अहिऱ्यांनी सांगितलं. नामपूरची गाडी मागे येऊन वळण घेत होती. खिडकीत बया होती, कान कर्ण्याकडे केलेला. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिने मान वळवली नाही. ती हसली नव्हती हे मात्र नक्की.

खोलीत सलाउद्दीन उभा होता. त्याचा चेहरा असा झाला होता, की अहिऱ्यांना वर बघवेना.

"माझ्या पोरांना मी सांगितलंय," तो हळू म्हणाला. "शाळेत सांगून आलीत ती." त्याने फाटकाकडे पाहिलं. "तुम्हाला मी स्टुलावरून विचारलं होतं, संतोषभाऊ. सरळ आहे का म्हणून."

अहिरे म्हणाले, "हो."

सलाउद्दीनने पेढ्यांचा पुडा उचलला नाही, तिथेच राहू दिला. कोपऱ्यातलं स्टूल घेऊन तो बाहेर निघाला. अहिऱ्यांनी आपल्या जागी एका वाहकाला माइकपाशी बसवलं आणि ते मागून गेले. आज पुढच्या दारानेच गेले. फाटकाशी गर्दी होती, लोक वर बघत होते, काही हसत होते. सलाउद्दीन स्टूल खांबाशी मांडत होता.

"मी चढतो," अहिरे म्हणाले.

सलाउद्दीनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण तो बाजूला झाला आणि त्याने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. अहिरे वर चढले. इतक्या जवळून त्यांनी तो फ्लेक्स पहिल्यांदाच पाहिला. लग्नातला फोटो मोठा केल्यावर दाणेदार झाला होता, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत सलाउद्दीनचा फोटो सगळ्यात लहान होता.

"उजवीकडची गाठ आधी सोडा," खालून आवाज आला. "ती तुम्हीच वर घ्यायला लावली होती."